‘धिस पीसी कान्ट रन विंडोज ११’: असेंबल केलेल्या पीसीवर दरवर्षी परत येणारी अडचण

असेंबल केलेल्या पीसीवर विंडोज ११ टाकायला घेतलं की पुष्कळदा सेटअप सुरुवातीलाच हात वर करतो: ‘धिस पीसी कान्ट रन विंडोज ११’. खटपट करून एकदा टाकलं, तरी पुढची आवृत्ती आली की तोच नकार पुन्हा समोर येतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून ज्यांनी ‘चाललंय ना, मग राहू दे’ असं ठरवलं होतं, त्यांनाही आता याकडे बघावं लागतंय.

या एकाच नकारामागे तीन अगदी वेगळी कारणं असू शकतात. काही पीसी पूर्णपणे पात्र असतात, फक्त त्यांच्या बायोसमधल्या (पीसी चालू होताच विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्राममधल्या) सेटिंग बंद असतात. काहींचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नसतो, पण त्यावर विंडोज ११ व्यवस्थित चालतं. आणि काहींवर नवी आवृत्ती सुरूच होऊ शकत नाही. आपला पीसी यांपैकी कुठला, हे न बघता लोक थेट विंडोज ११ ची हार्डवेअरची अट वगळण्याच्या युक्त्या वापरतात आणि मग दरवर्षी तेच करत बसतात. माझा आग्रह एवढाच की अट वगळण्याआधी ती पूर्ण होते का ते बघा. माझ्याकडे येणाऱ्या पीसींमध्ये पहिल्या प्रकारचे बरेच असतात, आणि त्यांना कुठल्याही युक्तीची गरज नसते.

आधी निदान

(आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरा, आणि ‘जागा’ म्हटलंय तिथे स्पेसबार दाबा.)

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा आणि ‘एमएसइन्फो३२’ चालवा. उघडलेल्या पानावर चार ओळी बघायच्या: प्रोसेसर, बायोस मोड, सिक्युअर बूट स्टेट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि बेसबोर्ड प्रॉडक्ट. शेवटची ओळ म्हणजे तुमच्या मदरबोर्डचं मॉडेल, ते कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. मग त्याच पद्धतीने ‘टीपीएम.एमएससी’ चालवा. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग, विंडोज ११ ला तो लागतो. टीपीएम सापडत नाही असं आलं, तर तो नाही किंवा बंद आहे. सापडला, तर स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० आहे ना ते बघा.

प्रोसेसरची पिढी नावातच असते. इंटेलचा आय५-८४०० म्हणजे आठवी पिढी, आय५-१०४०० म्हणजे दहावी. साध्या डेस्कटॉपसाठी आठवीपासून पुढचे इंटेल यादीत आहेत. एएमडीत रायझन २००० मालिकेपासून पुढचे आहेत, पण इथे एक खाच आहे. रायझन ३ २२००जी आणि रायझन ५ २४००जी यांच्या नावात २००० असलं, तरी आतली रचना पहिल्या पिढीची आहे, त्यामुळे ते यादीत नाहीत. कमी खर्चात बांधलेल्या पीसींमध्ये हे दोन्ही खूप वापरले गेले, म्हणून मुद्दाम सांगतोय.

प्रोसेसर यादीत आहे, पण बायोस मोड ‘लेगसी’ दिसतोय किंवा टीपीएम सापडत नाही? मग तुमचा पीसी पहिल्या प्रकारचा.

पहिला प्रकार: पीसी पात्र, सेटिंग बंद

सुटे भाग आणून पीसी जोडून देणाऱ्या बऱ्याच जणांची सवय विंडोज ७ च्या काळातली आहे. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीशी जुळवून घेणारी सोय) चालू ठेवायचं, विंडोज लेगसी म्हणजे जुन्या पद्धतीने टाकायचं, डिस्क एमबीआर (पार्टिशनच्या नोंदींचा जुना तक्ता) राहू द्यायची. त्या काळी हे सोयीचं होतं. विंडोज ११ ला मात्र यूईएफआय ही बायोसची नवी पद्धत लागते, आणि त्यासाठी सिस्टिमची डिस्क जीपीटी (नोंदींचा नवा तक्ता) असावी लागते. सगळं पुसून नव्याने टाकायची गरज नाही. विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचं साधन आहे, ते डेटा जागेवर ठेवून डिस्क बदलून देतं. तरीही बॅकअप आधी घ्या. वीज गेली तर काय, याचा विचार करून घ्या.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी डिस्क, मग बायोस. क्रम उलटा केला, म्हणजे डिस्क एमबीआर असतानाच सीएसएम बंद केलं, तर पीसी पुन्हा पुन्हा बायोसमध्येच येऊन थांबतो. तसं झालं तर घाबरू नका. सीएसएम परत चालू करा, जुनं विंडोज जसंच्या तसं उघडेल.

कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि आधी फक्त तपासणी करा: ‘एमबीआर२जीपीटी’, जागा, ‘/व्हॅलिडेट’, जागा, ‘/डिस्क:०’, जागा, ‘/अलाऊफुलओएस’. डिस्कचा आकडा डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघून मगच टाका. एसएसडी आणि हार्डडिस्क दोन्ही असतील तर विंडोज डिस्क १ वर असू शकतं.

इथे बहुतेकांचं घोडं अडतं. तपासणी नापास होते, आणि कारण आपल्याकडच्या पार्टिशनच्या पद्धतीत असतं. सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह पाडून द्यायची रीत आहे. एमबीआरच्या तक्त्यात नोंदी चारच बसतात. पहिली छोट्या ‘सिस्टिम रिझर्व्हड’ पार्टिशनची, दुसरी सी ची, तिसरी डी ची. मग उरलेली सगळी जागा चौथ्या नोंदीत ‘एक्स्टेंडेड’ म्हणून जाते आणि ई, एफ तिच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह म्हणून राहतात. हे साधन तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन चालवून घेत नाही, आणि एक्स्टेंडेड तर एकही नको असतं. डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा: ई आणि एफ भोवती हिरवी चौकट दिसली, तर अडचण तीच.

उपाय कष्टाचा आहे, अवघड नाही. ई आणि एफ मधला डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा. कॉपी झालेल्या फाइल दोन-चार ठिकाणी उघडून खात्री करा. मग दोन्ही लॉजिकल ड्राइव्ह डिलीट करा. त्यानंतर हिरव्या रंगात ‘फ्री स्पेस’ उरेल, तीही डिलीट करा, म्हणजे ‘अनअ‍ॅलोकेटेड’ असं दिसेल. आता तपासणी पुन्हा करा. पास झाली की त्याच आज्ञेत ‘/व्हॅलिडेट’ च्या जागी ‘/कन्व्हर्ट’ टाका. डिस्क जीपीटी झाल्यावर ई, एफ पुन्हा पाडता येतात. तिथे विंडोज १२८ पार्टिशनपर्यंत मुभा देतं. ई, एफ वेगळ्याच हार्डडिस्कवर असतील तर यातलं काहीच करायला नको, कारण जीपीटी फक्त विंडोज असलेल्या डिस्कची करायची आहे.

एक वेगळी गत त्यांची होते, ज्यांनी जुन्या पीसीत नंतर एसएसडी घातली. विंडोज एसएसडीवर असतं, पण ते टाकताना हार्डडिस्कही जोडलेली असल्यामुळे ‘सिस्टिम रिझर्व्हड’ पार्टिशन जुन्या हार्डडिस्कवरच राहिलेलं असतं. ओळखायची खूण सोपी: हार्डडिस्कची केबल काढली की पीसी सुरूच होत नाही. अशा वेळी मी डागडुजी करत बसत नाही. हार्डडिस्क काढून ठेवायची, एसएसडीवर कोरं विंडोज ११ टाकायचं, आणि मग हार्डडिस्क जोडायची. जुनी हार्डडिस्क एक दिवस बंद पडणारच आहे, आणि विंडोजचं सुरू होणं तिच्यावर अवलंबून ठेवणं मला पटत नाही.

बायोसमधलं काम

त्याआधी एक गोष्ट. सेटिंगमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ते थांबवा आणि रिकव्हरी की लिहून घ्या. टीपीएममध्ये बदल झाला की विंडोज ४८ आकड्यांची ती की मागतं, आणि ती नसेल तर डेटा परत मिळत नाही.

आता बायोसमध्ये सीएसएम ‘डिसेबल्ड’ करा, सेव्ह करा, विंडोज सुरू होतंय ना ते पाहा. मग टीपीएम. बहुतेक पीसींमध्ये वेगळी चिप नसते, प्रोसेसरच्या फर्मवेअरमधलाच टीपीएम चालू करायचा असतो. इंटेलमध्ये त्याचं नाव पीटीटी, एएमडीत एफटीपीएम. गिगाबाइटच्या बोर्डांवर ते बहुधा ‘सेटिंग्ज’ खालच्या ‘मिसलेनियस’ मध्ये सापडतं. एमएसआयवर ‘सिक्युरिटी’ खालच्या ‘ट्रस्टेड कॉम्प्युटिंग’ मध्ये ‘सिक्युरिटी डिव्हाइस सपोर्ट’ असतं. असुसवर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मध्ये ‘पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन’ किंवा ‘एएमडी एफटीपीएम कॉन्फिगरेशन’. बोर्डागणिक जागा थोडी बदलते. बाजारातून वेगळी टीपीएम चिप विकत घेऊ नका, आठव्या पिढीपासून पुढे तिची गरजच नाही.

सिक्युअर बूट शेवटी. चालू करूनही ‘नॉट अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं, तर त्याच पानावर फॅक्टरी की पुन्हा भरण्याचा पर्याय असतो, तो वापरा. आणि तरीही जमलं नाही तर अडून बसू नका. अट ‘सिक्युअर बूटची क्षमता असावी’ अशी आहे, ते चालूच असलं पाहिजे अशी नाही.

सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहिला तर? बोर्ड बिघडलेला नाही. बहुतेक वेळा कारण जुनं ग्राफिक्स कार्ड असतं. २०१२ च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या पुष्कळ कार्डांत यूईएफआयला समजेल असं फर्मवेअरच नाही. नवा पीसी बांधताना ‘कार्ड जुनंच चालेल’ म्हणून घातलेलं असतं आणि ते इथे आडवं येतं. पीसी बंद करा, कार्ड काढा, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. रायझनच्या ५००० मालिकेपर्यंत नावात जी असलेल्यांमध्येच असतं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड बदलण्यावाचून मार्ग नाही. पडदा काळा असताना बायोस मूळ सेटिंगवर आणायला बोर्डावरचा सेल पाचेक मिनिटं काढून ठेवा, पॉवरची केबल काढल्यावरच.

तो सेल निघालाच आहे तर त्याबद्दल सांगतो, कारण ‘सगळं केलं होतं, पुन्हा तेच झालं’ या तक्रारीचं मूळ अनेकदा तिथेच असतं. सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल जुन्या पीसीत उतरलेला असतो. रात्री मेन स्विच बंद केला की बायोस सगळं विसरतो. सकाळी टीपीएम बंद, विंडोज सांगतं पिन उपलब्ध नाही, घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात. लोक विंडोज पुन्हा टाकत राहतात आणि बिचारा सेल तसाच. तारीख चुकतेय असं दिसलं की आधी सेल बदला. बायोस अपडेट केल्यावरही सेटिंग मूळपदावर जातात, तेव्हाही टीपीएम आणि सीएसएम पुन्हा तपासा. एएमडीच्या बोर्डांवर अपडेटनंतर एफटीपीएम रीसेट करायचा का, वाय की एन, असा प्रश्न येऊ शकतो. बिटलॉकर चालू असेल आणि की हाताशी नसेल तर वाय दाबू नका.

तिसरा प्रकार: जिथे युक्ती चालत नाही

कोअर २ ड्युओ, कोअर २ क्वाड, त्या काळचे पेंटियम ड्युअल कोअर, एएमडीचे फेनम. यांवर विंडोज ११ च्या जुन्या आवृत्त्या अट वगळून चालत होत्या. २०२४ च्या २४एच२ पासून विंडोजला प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना (प्रोसेसरला कळणाऱ्या ठरावीक आज्ञा) लागतात, आणि या प्रोसेसरांत त्या दोन्ही मिळून नाहीत. सेटअप चुकवला तरी विंडोज सुरू होत नाही. सीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवून ‘इन्स्ट्रक्शन्स’ च्या ओळीत एसएसई४.२ आहे का बघा. नसेल तर विंडोज ११ चा नाद सोडा. विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वेळ मिळतो. त्यानंतर लिनक्स मिंट. ब्राउझर, पत्रलेखन, मुलांचा अभ्यास एवढं काम असेल तर ते छान चालतं, आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात असतो. डीटीपीचं सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर चालत असेल तर मात्र आधी त्या कंपनीला विचारा.

दुसरा प्रकार: यादीत नाही, पण चालतं

इंटेलची दुसरी ते सातवी पिढी, पहिल्या मालिकेचे रायझन, एएमडी एफएक्स. इथे अट वगळावीच लागते. करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या: अशा पीसीला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. महिन्याचे सुरक्षा अपडेट प्रत्यक्षात येतात. मोठी वार्षिक आवृत्ती मात्र विंडोज अपडेटमधून आपोआप येत नाही. दुखणं दरवर्षी परत येतं ते यामुळे. होम आणि प्रो च्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने आधार असतो. २३एच२ चा ११ नोव्हेंबर २०२५ ला संपला, २४एच२ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो. ‘विनव्हर’ चालवून आपली आवृत्ती बघा आणि मुदतीच्या महिनाभर आधी पुढची स्वतः टाका. ही तारीख कॅलेंडरवर लिहूनच ठेवा. अपडेट येणं थांबलं तरी पीसी काही बोलत नाही, आणि बँकेची कामं त्याच पीसीवर सुरू राहतात.

आठ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर मी विंडोज ११ टाकायचा सल्ला देत नाही. हार्डडिस्कवर ते टाकता येतं, पण वापरताना जीव मेटाकुटीला येतो.

कोरं टाकायचं असेल तर रुफस या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवा. सुरू करताना तो एक छोटी खिडकी दाखवतो, त्यात रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएमची अट काढण्याच्या पर्यायावर खूण करा. आयएसओ फाइल (विंडोज टाकायची सगळी सामग्री असलेली एकच फाइल) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. कुणीतरी ‘हलकं’ करून दिलेलं विंडोज त्यात काय काढलंय आणि काय घातलंय हे कळायला मार्ग नसल्यामुळे वापरू नका.

आहे तेच विंडोज, फाइल आणि सॉफ्टवेअर ठेवून वर न्यायचं असेल तर आयएसओ फाइलवर डबल-क्लिक करा, ती नव्या ड्राइव्हसारखी उघडेल. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून त्या ड्राइव्हवर जा आणि ‘सेटअप’, जागा, ‘/प्रॉडक्ट’, जागा, ‘सर्व्हर’ असं टाका. खिडकीवर विंडोज सर्व्हर असं नाव दिसेल. ते फक्त नाव आहे, टाकलं जातं ते तुमचंच होम किंवा प्रो. ही वाट कधी बंद झाली तर रुफसच्या पेनड्राइव्हमधला सेटअप चालू विंडोजमधून चालवा. २४एच२ च्या वेळी अडथळे वाढले, तेव्हा रुफसच्या ४.६ आवृत्तीत त्यासाठीच सोय केली गेली.

पुढच्या पडद्यावर एक मिनिट थांबा. फाइल, सेटिंग आणि अ‍ॅप्स ठेवण्याचा पर्याय निवडता येतोय का? तो फिकट दिसत असेल तर ‘नेक्स्ट’ दाबू नका, सगळी सॉफ्टवेअर जातील. कारण बहुधा भाषेचं असतं: तुमचं विंडोज अमेरिकन इंग्रजीतलं आणि आयएसओ ‘इंग्लिश इंटरनॅशनल’, किंवा उलट. ‘डिस्म /ऑनलाइन /गेट-इंटल’ (dism /online /get-intl) ही आज्ञा मूळ भाषा सांगते, तीच आयएसओ उतरवा.

अर्ध्यावरून मागे फिरत असेल तर

टक्केवारी वाढत जाते, पीसी रीस्टार्ट होतो, आणि ‘अनडूइंग चेंजेस’ म्हणत जुनं विंडोज परत येतं. सोबतच्या कोडमध्ये सी१९००१०१ दिसला तर दोष जवळपास नेहमी ड्रायव्हरचा. बाहेरून टाकलेला अँटिव्हायरस नुसता बंद न करता काढून टाका. यूएसबीचा वायफाय डोंगल, प्रिंटर, कार्ड रीडर, सगळं काढा. फक्त कीबोर्ड, माउस, मॉनिटर ठेवा. ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हरही काढून बघा. विंडोज आपला साधा ड्रायव्हर वापरेल, रंगीत चकाकी नंतर आणता येते. हे करूनही तेच झालं, तर मी रॅमच्या पट्ट्यांकडे वळतो. ‘एमडीशेड’ (mdsched) चालवून मेमरी तपासा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या असतील तर एकच लावून पुन्हा प्रयत्न करा.

नव्याने टाकल्यावर नेटवर्कच दिसत नसेल, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा विंडोज ते लगेच ओळखतं, आणि मग मदरबोर्डच्या मॉडेलनुसार लॅनचा ड्रायव्हर उतरवता येतो.

सगळं सुरळीत झालं तरी सी ड्राइव्हवरचं ‘विंडोज.ओल्ड’ हे फोल्डर जागा खातंय म्हणून लगेच उडवू नका. जुन्या आवृत्तीवर परत जायला विंडोज १० दिवस देतं, आणि ते त्या फोल्डरच्याच जोरावर. तेवढ्या दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, टॅली, डिजिटल सहीचा टोकन, जे जे रोज लागतं ते एकदा तरी चालवून बघा.